कौतुकाचा फोन

मेहुण्यानं ही गोष्ट सांगितली ती हसत हसत, चहात बिस्कीट बुडवत. आणि सांगता सांगता अर्धं बिस्कीट कपात पडलं म्हणून त्याचं लक्ष तिकडेच गेलं. "दाजी, काल संध्याकाळी तुमचं कौतुक करायला फोन आला होता. चढावरच्या त्या आजोबांचा. म्हणाले, तुमच्या माणसानं कमाल केली, घर असं गरम झालंय की आम्ही सगळे दिवसभर पेंगतोय. नात तर म्हणे शाळेतून आली, कोचावर आडवी झाली, ती जेवायलासुद्धा उठली नाही." चमच्यानं कपाच्या तळाशी शोधाशोध करत तो पुढं म्हणाला, "डोकं जड वाटतं म्हणत होते जरा. मी म्हटलं, आजोबा, आठवडाभर कुडकुडलात, आता ऊब सोसायला दोन दिवस लागणारच की." दुकानात आणखी कुणी नव्हतं. काचेबाहेर सकाळची साडेदहाची थंडी होती, समोरचा सलूनवाला हातांवर फुंकर घालत शटर वर ढकलत होता. दाजी हसला. कौतुक झालं की हसायचं असतं म्हणून हसला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपण कप खाली ठेवलाय, आणि तो बशीवर न ठेवता बशीच्या शेजारी ठेवलाय.

दुकान मेहुण्याचं, म्हणजे दाजीच्या बायकोच्या धाकट्या भावाचं. हिवाळ्यात लोकांची घरं गरम ठेवायची, उन्हाळ्यात तीच घरं गार ठेवायची, आणि मधल्या दोन महिन्यांत, काम नाही म्हणून एकमेकांवर खेकसायचं, असा धंदा. मेहुणा दाजी म्हणतो म्हणून गिऱ्हाइकंही दाजी म्हणतात, पोस्टमन दाजी म्हणतो, सलूनवाला दाजी म्हणतो, आणि सलूनवाल्याला तर एकही बहीण नाही. सव्वीस वर्षं हे काम केलेल्या माणसाला कुणी काही विचारायला जात नाही. मशीन बंद पडलं की दाजीला पाठवा, दाजी हात लावेल. 'हात लावेल' हे शब्द दाजीला मनातून आवडत. आता तो मागच्या खोलीत गेला, अवजारांची पिशवी टेबलावर घेतली आणि चेन उघडली. पिशवी बायकोनं जुन्या ताडपत्रीतून शिवलेली होती, प्रत्येक वस्तूला वेगळा कप्पा. डोळे मिटून हात घातला तरी पकड पकडीच्या जागी आणि टेस्टर टेस्टरच्या जागी. दाजीनं डोळे मिटले नव्हते. लाल वायरच्या कप्प्यात हात गेला आणि बोटं थेट तळाच्या शिवणीला लागली.

ती वायर म्हणजे फार मोठी वस्तू नव्हे. हातभर लांब, दोन्ही टोकांना दातेरी चिमटे. मशीनमधला एखादा स्विच बिघडलाय की मशीनच बिघडलंय, हे ठरवायचं असेल तर स्विचच्या दोन्ही बाजूंना हे चिमटे लावायचे. मग वीज स्विचला वगळून वायरमधून जाते, आणि मशीन चाललं तर दोष स्विचचा. दोन मिनिटांचं काम. दाजीनं सगळी पिशवी टेबलावर पालथी केली. पकडी, ब्रश, पट्टीचा रोल, स्क्रूंची डबी, एक जुनं लिमलेट. पिशवी उलटी करून झटकली, शिवणीतला भुसा पडला. लाल वायर नव्हती. काल दोन घरं झाली होती, पण दोन्हीकडे नुसते फिल्टर धुवायचे होते, वायरला कुणी हात लावला नव्हता. म्हणजे परवा. परवा सुट्टीचा वार, एकच घर. दाजी तिथल्याच एका खोक्यावर बसला. खोकं आत दबलं, ते त्यानं दबू दिलं.

वायर मशीनमध्ये विसरू नये म्हणून त्याच्या वस्तादानं त्याला पहिल्याच वर्षी एक रीत लावून दिली होती. चिमटे लावायच्या आधी गाडीची किल्ली त्या वायरीत ओवायची. मग वायर राहिली तर किल्ली राहिली, आणि किल्लीशिवाय तू जाणार कुठं? वस्ताद हे सांगताना कधी हसला नाही. एरवी तो प्रत्येक गोष्टीवर हसायचा, स्वतःच्या बायकोच्या रागावर, स्वतःच्या तुटक्या दातावर. पण किल्लीचं सांगताना त्याचा चेहरा दगडासारखा व्हायचा, आणि असं का, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. दाजीनं सव्वीस वर्षं ही रीत पाळली. हसणारे हसले. गिऱ्हाईक विचारायचं, मशीनला किल्ली कशाला टांगली हो, कुलूप आहे का? दाजी म्हणायचा, माझ्या डोक्याला कुलूप आहे, ते उघडायला. आणि परवा किल्ली नव्हती. परवा मेहुण्याला शहराच्या दुसऱ्या टोकाहून एक कॉम्प्रेसर आणायचा होता, म्हणून त्यानं दाजीला चढावर सोडलं आणि गाडी घेऊन तो पुढं गेला. पिशवी तेवढी दाजीच्या हातात राहिली. किल्ली गाडीत, शिडी गाडीत, विषारी वायू मोजायचं यंत्र गाडीत.

दुकानाच्या फोनवरून त्यानं नंबर लावला. मेहुणा पुढच्या खोलीत कुणाशी तरी पाइपच्या जाडीवरून हुज्जत घालत होता. रिंग वाजायला लागली. आजोबा हळू चालतात, तळघरात असतील तर जिना चढायला वेळ लागणार. सहा, सात. आजोबा न्हाणीघरात असतील. दहा. त्यांना ऐकायला कमी येतं का? नाही, परवा तर तळघरातून वरच्या खोलीतलं घड्याळ ऐकू येत होतं त्यांना. चौदा. नातीला सोडायला शाळेत गेले असतील, पण शाळा साडेआठची. सून कामावर असणार, तिला एका रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात पहाटेची पाळी आहे, तीच म्हणाली होती परवा कॉफी देताना. रिंग आपोआप बंद झाली आणि कानात नुसती पोकळी उरली. दाजीनं पुन्हा लावला. या वेळी त्यानं मोजलं नाही, या वेळी त्याला ते घर दिसत होतं, फोन जिथं ठेवलाय ते काळं टेबल, टेबलाखाली नातीचे बूट, आणि त्या घरात घुमणारा आवाज, जो ऐकायला माणसं आहेत आणि तरी कुणी उठत नाही.

आता, अँब्युलन्सला फोन करावा हे त्याला सुचलं नाही असं नाही. सुचलं. अगदी लगेच सुचलं, आणि जितक्या लगेच सुचलं तितक्याच लगेच त्याच्या मनानं त्याची दुसरी बाजूही मांडून दाखवली. भोंगा वाजवत गाडी चढावर जाणार, शेजारीपाजारी दारात येणार, आजोबा बंडी घालून बाहेर येऊन विचारणार, काय झालं बुवा? आणि वायर मात्र निघणार घरी, दाजीच्या जुन्या जाकिटाच्या खिशात. मग दुकानाचं नाव, मेहुण्याचा चेहरा, आणि रात्री जेवताना बायको काहीच न बोलता वाढत राहणार, ते. माणसाचं मन किती चलाख असतं बघा. दोन जिवांच्या प्रश्नात त्यानं आधी स्वतःच्या अब्रूला खुर्ची दिली. वीस मिनिटांचा तर रस्ता, आपणच जाऊन बघू, असं दाजीनं ठरवलं आणि खुंटीवरची किल्ली काढली. "कुठं निघालात?" मेहुण्यानं विचारलं. "आजोबांकडे फिल्टर राहिलाय," दाजी म्हणाला. इतक्या सहज म्हणाला की त्याची त्यालाच भीती वाटली.

गाडी सुरू झाली, पहिल्या चौकात लाल दिवा लागला, आणि तिथं परवाचा दिवस काचेवर धुकं धरावं तसा समोर येऊन बसला. तळघर. कोपऱ्यातलं घर तापवायचं गॅसचं मशीन जुनं, निळ्या रंगाचं, पुढच्या झाकणाला चार स्क्रू, त्यातल्या खालच्या उजव्याचे आटे गेलेले. आजोबा उलट्या खोक्यावर बसून बॅटरी धरत होते आणि दर मिनिटाला काहीतरी विचारत होते. त्यांची सगळी हयात वजनकाटे तपासण्यात गेली होती, त्यामुळे दाजी जे करील ते बरोबर आहे का, हे त्यांना बघायचंच होतं. "हा एवढासा स्विच कशासाठी, इंजिनियरसाहेब?" दाजीला कुणी इंजिनियर म्हटलं की तो जरा सरळ बसतो. त्यानं समजावून सांगितलं होतं. ज्योत आत ओढली जाते, तिचा धूर धुराड्यातून वर जातो. धुराडं तुंबलं, वाट मिळाली नाही, तर ज्योत उलटी फिरते आणि तोंडातून बाहेर यायला बघते. तेव्हा हा स्विच तापतो, उडतो आणि गॅस बंद करतो. "म्हणजे हा पहारेकरी," आजोबा म्हणाले. "पहारेकरीच म्हणा," दाजी म्हणाला. "आणि तो उडाला म्हणून आमचं घर गार पडलं?" "हो." "मग तो कशानं उडाला?" हिरवा दिवा लागला होता. मागच्या गाडीनं भोंगा वाजवला तेव्हा दाजीनं दचकून गिअर टाकला.

मग तो कशानं उडाला? आजोबांनी विचारलं ते बरोबर विचारलं होतं. दाजीनं बर्नरच्या तोंडाशी बॅटरी मारली तर गंजाचे पापुद्रे दिसले. गंजानं ज्योत वाकडी होते, वाकडी ज्योत स्विचला चाटते. कारण मिळालं. ब्रशनं गंज काढला, स्विचवर लाल वायर लावली, किल्लीसाठी हात खिशात गेला आणि रिकामा बाहेर आला, तेव्हा तो मनाशी हसलाही होता, म्हणे एक दिवस तरी डोकं वापर. मशीन सुरू झालं. ज्योत निळी, ताठ, शाळेतल्या पोरांच्या रांगेसारखी. वस्ताद म्हणायचा, वायर लावलीस तर अर्धा तास ज्योतीसमोरून हलायचं नाही, धुराडं तापू दे, घर तापू दे, मग बघ ती काय करते. दाजी पाच मिनिटं बसला. पाचच. कारण पाचव्या मिनिटाला वरून नातीची किंकाळी आली, "आलं! आजोबा, गरम आलं!" आणि ते ऐकून दाजी उठला. कुणी बोलावलं नव्हतं. आजोबा तिथंच बसले होते. तो उठला, जिना चढून वर गेला, कारण त्याला ते बघायचं होतं. जमिनीतल्या जाळीवर नात उभी होती, हातमोजे घातलेली, आणि खालून येणाऱ्या वाऱ्यानं तिचा फ्रॉक फुगला होता, आणि ती दोन्ही हातांनी तो दाबत खदखदून हसत होती. सव्वीस वर्षं दाजी ह्या एका क्षणासाठी काम करत आला आहे. पगार-बिगार ठीक आहे, पण गार घरात पहिला गरम झोत येतो आणि माणसं जाळीपाशी हात धरून उभी राहतात, त्या वेळी त्याला आपण कुणीतरी आहोत असं वाटतं. मग सुनेनं कॉफी दिली, कपाला हात शेकत त्यानं ती घेतली, आणखी थोडं कौतुक घेतलं. मग तो खाली गेला, मशीन छान चाललेलं, झाकण उचललं आणि लावलं. चार स्क्रू. खालचा उजवा तीनदा फिरला तरी बसेना, मग त्यात कागदाचा कपटा घालून बसवला. कपट्याचा रंगसुद्धा आठवतो, पिवळा होता. फक्त झाकण लावायच्या आधी आत बघितलं का, तेवढं आठवत नाही.

आणि वायर तिथंच असली तरी मशीन चालणार, तेवढंच चांगलं चालणार, ही तर खरी भानगड. बिघाड म्हणजे काहीतरी बंद पडणं, आवाज येणं, पाणी गळणं, असं लोकांना वाटतं. काहीच बंद न पडणं हा बिघाड असू शकतो, हे दाजीसारख्यालाच कळणार. पूल ओलांडताना त्याच्या मनात आणखी एक पाल चुकचुकली, आणि ही वायरीपेक्षा वाईट होती. वायर विसरली म्हणजे विसरली, माणूस आहे, विसरतो. पण धुराडं? धुराडं बघायला तो विसरला नव्हता. त्याला आठवलं होतं. अंगणात उभं राहून त्यानं छपराकडे बघितलं होतं, छपरावर बर्फाचा थर होता, शिडी गाडीत होती, गुडघा सकाळपासून दुखत होता. मेहुणा चारला येणार होता. तोपर्यंत थांबायचं म्हणजे त्या पोरीला आणखी चार तास हातमोज्यात चित्रं काढायला लावायचं. तेव्हाच त्यानं ठरवलं की गंज हेच कारण. आधी ठरवलं आणि मग गंज शोधला, की आधी गंज सापडला? हे आता स्वतःला विचारताना त्याला घाम फुटला. गाडीचा हीटर त्यानं बंद केला. मग खिडकीही खाली केली, आणि बोचरी हवा आत घेत तो नाकानं हुंगत राहिला, वास न येणाऱ्या गोष्टीचा वास.

त्या वायूला रंग नाही, वास नाही, चव नाही. वस्ताद म्हणायचा, चोर आला तर निदान भांडं तरी पाडतो. हा आत येतो आणि माणसाला गुंगवतो. डोकं जड होतं. मळमळतं. झोप येते, इतकी चांगली झोप येते की उठून खिडकी उघडायचं सुचत नाही. पेंगतोय. दिवसभर पेंगतोय. जेवायलासुद्धा उठली नाही. मेहुण्याचं ते वाक्य दाजीच्या डोक्यात घासलेल्या रेकॉर्डसारखं फिरत होतं, आणि दर फेरीला त्यात आणखी काहीतरी ऐकू येत होतं. काल संध्याकाळी फोन केला तेव्हा आजोबा बोलू शकत होते. म्हणजे काल संध्याकाळपर्यंत होते. 'होते' हा शब्द मनात आला आणि दाजीनं स्टिअरिंगवर मूठ मारली. त्याला त्या पोरीचं वय आठवेना. सहा की सात? तिनं सांगितलं होतं, बोटं दाखवून सांगितलं होतं, पण हातमोज्यात बोटं कळली नव्हती. ते त्या वेळी गमतीचं वाटलं होतं. आता तेवढं कळलं तर सगळं ठीक होईल असं काहीतरी त्याचं मन म्हणत होतं आणि तो चढावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रेटत होता, सहा की सात, सहा की सात.

गल्लीत शिरताना त्याला घरं दिसली, एका रांगेत सारखी, उतरत्या छपरांची. त्या थंडीत प्रत्येक धुराड्यातून पांढरी वाफ सरळ वर चढत होती. आजोबांच्या धुराड्यावर काही नव्हतं. नुसतं स्वच्छ निळं आकाश. क्षणभर दाजीला हायसं वाटलं, मशीन बंद आहे, पहारेकऱ्यानं काम केलं, वायर माझ्या जुन्या जाकिटातच आहे. मग त्यानं खिडक्या बघितल्या. आतून त्या घामेजल्या होत्या, पाण्याचे ओघळ काचेवरून उतरत होते. घर गरम होतं, चांगलं गरम होतं, आणि धूर वर जात नव्हता. मग तो जात कुठं होता? दाजीनं गाडी तशीच मधोमध सोडली. गेटाशी त्याचा पाय घसरला, गुडघा आपटला, तो उठला. त्यानं बेल दाबली, मग बेलवरचा अंगठा काढायचंच विसरला, दुसऱ्या हातानं दार बडवत राहिला. काही नाही. आतून बेलचा आवाज तेवढा येत होता. आपण आजोबांना हाका मारतोय की नुसता तोंडातून आवाज काढतोय, हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

कडी निघाली ती इतक्या हळू की दाजीला वाटलं आपल्याला भास होतोय. दारात आजोबा उभे होते, गाल लालबुंद, डोळे अर्धवट. "अरे, इंजिनियरसाहेब!" ते हसले. "या, या. फोन वाजत होता मघाशी, तुमचाच का? उठवेना हो. काय ऊब केलीत, अंगातली हाडंच काढून घेतलीत." दाजी त्यांना बाजूला सारून आत घुसला. गरम, दमट हवा अंगावर आली. "बाहेर चला. आत्ताच्या आत्ता." "बाहेर? बाहेर मरणाची थंडी. आणि पोरीला बरं नाहीये, सकाळपासून दोनदा उलटी झाली, शाळेत पाठवली नाही. सूनबाईचंही डोकं धरतंय, कामावर गेलं की उतरतं म्हणते." "आजोबा, चला!" दाजी ओरडला. आयुष्यात तो कुठल्या गिऱ्हाइकावर ओरडला नव्हता. नात कोचावर होती, पांघरूण गुडघ्यापर्यंत, एक हात खाली लोंबलेला. त्यानं तिला उचललं तेव्हा तिचं डोकं मागं कलंडलं, आणि त्या एवढ्याशा वजनानं त्याच्या हातात असं काही ओझं आलं की कोचापासून दारापर्यंतची पंधरा पावलं आपण चाललो कशी, हे त्याला पुढं कधी आठवलं नाही. दुसऱ्या हातानं त्यानं आजोबांना बंडीसकट ओढलं. तिघं अंगणात आले. थंड हवा पोरीच्या तोंडावर बसली, तिनं खोल, ओरखडल्यासारखा श्वास घेतला, त्याच्या खांद्यावर उलटी केली आणि भोकाड पसरलं. ते रडणं ऐकून दाजीला इतकं बरं वाटलं की तो स्वतःही हुंदका दिल्यासारखा काहीतरी आवाज काढून बसला.

आजोबांना आणि तिला गाडीत बसवून, खिडक्या उघड्या टाकून तो पुन्हा आत गेला. श्वास रोखून. तळघराचा जिना उतरताना त्याला पायऱ्या मोजाव्याशा वाटल्या, पण तेवढीही हवा खर्च करायची नव्हती. आधी गॅसची तोटी बंद केली, मग झाकण खेचलं, खालचा उजवा स्क्रू पिवळ्या कपट्यासकट सुटून आला. आत सगळं काळं पडलं होतं. बर्नरच्या तोंडाशी काजळी चढली होती, बाहेरपर्यंत, जिथं ज्योतीनं यायचं नसतं तिथपर्यंत; आणि त्या काजळीत, दोन्ही बाजूंनी नीट दात रोवून, वायर होती. तिचा लाल रंग एका अंगानं वितळला होता. दाजीनं चिमटे काढले आणि वायर खिशात घातली. हे त्यानं विचार करून केलं नाही. पण केलं, आणि करताना हाताला माहीत होतं की वर दोन माणसं आहेत, ज्यांना ह्यातलं काही कळणार नाही. मशीन जुनं होतं, मशीन बिघडलं, दाजी वेळेवर आला. वर येताना त्यानं दिसतील तेवढ्या खिडक्या फोडल्यासारख्या उघडल्या आणि दारातून बाहेर पडून घटाघटा हवा प्यायला.

आजोबा गाडीच्या पायरीवर बसले होते, कुणा शेजारणीनं आणून दिलेलं ब्लँकेट अंगाभोवती. नातीला कुशीत धरवत नव्हतं त्यांना, हात लटपटत होते; म्हणून दाजीनं तिला पुन्हा उचलून घेतलं, आपलं जाकीट तिच्याभोवती गुंडाळलं आणि एका हातानं फोन लावला. आता लावला. आजोबा त्याच्याकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, थंडीचं असेल, दुसरंही असेल. "देवासारखे धावून आलात हो," ते म्हणाले. "कोण कुणासाठी येतं असं? काम केलं की लोक फिरकत नाहीत. तुम्ही आपणहून बघायला आलात." दाजीनं मान हलवली, आणि ती मान हो म्हणतेय की नाही म्हणतेय, हे कुणालाही कळलं नसतं. नातीचा श्वास त्याच्या मानेवर लागत होता, आंबट, गरम. तेवढ्यात फोनवर एका बाईचा आवाज आला.

किती जण आहेत, तिनं विचारलं. दोघं, आणि तिसरी कामावर गेलीये, तिलाही तपासायला हवं. शुद्धीवर आहेत? आहेत, लहान मुलगी आहे, पेंगतेय. पेंगू देऊ नका तिला, बोलत ठेवा. गाडी निघाली आहे. "आता एक सांगा," बाई म्हणाली, "हा वायू घरात कधीपासून भरतोय, काही अंदाज?" दाजीनं ओठ उघडले. माहीत नाही. दोनच शब्द होते, आणि ते जिभेवर तयार होते. खिशातली वायर मांडीला टोचत होती. समोर आजोबा ब्लँकेट सावरत त्याच्याकडे ज्या नजरेनं बघत होते, त्या नजरेनं आजवर दाजीकडे कुणी बघितलं नव्हतं, बायकोनंही नाही. "अंदाजे सांगा," बाई पुन्हा म्हणाली. "डॉक्टरांना त्यावर ठरवावं लागतं. तास-दोन तास असतील तर एक उपचार, जास्त असेल तर वेगळा. मुलगी लहान आहे म्हणता."

नातीनं मान हलवली आणि ती पुन्हा डोळे मिटायला लागली. दाजीनं तिला हलवलं. "ए, झोपू नकोस. तुझं वय काय गं? सांग बघू," तो म्हणाला. ती काहीतरी पुटपुटली. मग तो फोनमध्ये म्हणाला, "परवा दुपारी बारापासून."

"नक्की?"

"नक्की."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मशीन मीच दुरुस्त केलं." त्याला वाटलं होतं की आवाज फुटणार नाही, पण तो नको इतका मोठा निघाला, शेजारीण वळून बघायला लागली. "सुरक्षेच्या स्विचवर माझी वायर तशीच राहिली. माझी. आणि धुराडं मी बघितलं नव्हतं, वर चढलो नव्हतो. परवा बारापासून आहे, सत्तेचाळीस तास झाले. तसंच लिहा." बाईनं ठीक आहे म्हटलं, फोन चालू ठेवा म्हटलं. पलीकडे टकटक लिहिल्याचा आवाज आला.

दाजीनं वर बघितलं. आजोबा उठून उभे राहिले होते. कसे राहिले कुणास ठाऊक, मघाशी त्यांना हात उचलवत नव्हता. ब्लँकेट खांद्यावरून घसरून बर्फात पडलं होतं आणि ते उचलायला ते वाकले नाहीत. ते रागावतील, शिव्या देतील, असं दाजीला वाटलं, द्याव्यात असंही वाटलं. त्यांनी तसं काही केलं नाही. त्यांनी एक पाऊल पुढं टाकलं, लटपटणारे दोन्ही हात पुढं केले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "द्या तिला इकडे."

"आजोबा, तुम्हाला पेलणार नाही, मी धरतो तोवर…"

"द्या."

दाजीनं तिला त्यांच्या हातांत दिलं. शेजारणीनं खालून आधार दिला. आजोबा नातीला छातीशी धरून गाडीपासून चार पावलं लांब गेले आणि त्याच्याकडे पाठ करून उभे राहिले.